वाळवंटात एवढी खोल दरी, मग आपल्या तापीला का नाही?

पांझराकाठ (धागाकर्ता)

मंडळी, ॲरिझोनातली ग्रँड कॅन्यन पाहून आल्यापासून एक कोडं सुटत नाहीये. इथे भूजलवाले, पाटबंधारेवाले, शेतीवाले सगळेच आहेत, म्हणून विचारतो.

दरीची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, खोली १८०० मीटरच्या वर. आणि पाऊस किती? दक्षिणेच्या कडेवर बर्फ धरून वर्षाला ४० सेंटिमीटरच्या आसपास, तळाशी त्याच्या निम्मा. आपल्या जळगावला साधारण ७० सेंटिमीटर पडतो. श्रावणात भुसावळच्या पुलावरून तापी बघितली तर ती काही लहान नदी वाटत नाही. तरी कोरड्या मुलखातल्या नदीला एवढी दरी आणि आपली तापी केळीच्या बागांमधून सपाटीवर वाहते. असं का?

दुसरा प्रश्न: खान्देशात कॅन्यन म्हणावं असं नेमकं काय आहे? तोरणमाळची सीताखाई, वाघूर नदीची घळ, की तापीकाठच्या दऱ्या? ज्यांनी पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा.

केळीबाग_रावेर

सोपं उत्तर आहे भाऊ. वाळवंट म्हटलं की वारा. लाखो वर्षं वाळू उडून खडक घासला गेला.

सातपुडा_पायथा

केळीबाग भाऊ, वाऱ्याचा वाटा अगदी किरकोळ. ही दरी पाण्यानेच कापली आहे, पण ते पाणी तिथलं नाही. कोलोरॅडो नदी उगम पावते रॉकी पर्वतात, ३००० मीटरच्या वर. तिथलं बर्फ वितळून जे पाणी येतं त्यावर ती वाळवंट पार करते. नदी बाहेरचं पाणी घेऊन येते आणि स्थानिक पाऊस मात्र फार थोडा, ही जोडी जमली की अशी दरी तयार होते.

का, ते सांगतो. नदी फक्त उभी चीर पाडते. ती चीर रुंद करण्याचं, कडे उतरते करण्याचं काम पाऊस, ओढे, झाडांची मुळं आणि माती करतात. जिथे पाऊस भरपूर तिथे कडे लवकर झिजतात, उतारावर माती साचते, गवत उगवतं आणि दरीचं खोरं होतं. कोरड्या हवेत कडे उभेच राहतात. धाब्याच्या घराची मातीची भिंत चार उन्हाळे हलत नाही, पण वरचं धाबं गळायला लागलं की एका पावसाळ्यात बसते; तसंच हे. म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. पाऊस कमी आहे म्हणूनच ती दरी दरीसारखी दिसते.

उरलेलं अर्धं उत्तर जमिनीच्या उंचीत आहे. दक्षिणेची कड समुद्रसपाटीपासून २१०० मीटरवर, उत्तरेची २४०० मीटरवर. हे अख्खं पठार भूगर्भातल्या हालचालींनी वर उचललं गेलं. त्यानंतर नैर्ऋत्येला कॅलिफोर्नियाचं आखात उघडलं आणि ५०-६० लाख वर्षांपूर्वी नदीला तिकडे खोलवर वाट मिळाली. उंचावरची नदी, जवळ आलेला समुद्र आणि मध्ये पठार. मग ती खाली कापत जाणारच.

आता भुसावळ बघा. उंची साधारण २१० मीटर. तापीचा उगम मुलताईला, तोही ७५० मीटरच्या आसपास. तापीने खाली कापायचं म्हटलं तरी कापायला उंचीच कुठे आहे? त्यात आपलं खोरं ही खचलेली पट्टी आहे. उत्तरेला सातपुडा वर राहिला, मधली जमीन खचली आणि त्या खड्ड्यात नदीने शेकडो फूट गाळ भरला. कोलोरॅडो कापत होती तेव्हा आपली तापी भरत होती. रावेर-यावलची केळी त्याच गाळावर उभी आहे.

गिरणाई

पायथा दादा, फार छान समजावलंत. एक शंका. खचलेली पट्टी आहे याला पुरावा काय? पाठ्यपुस्तकात वाचलंय, पण डोळ्यांनी दिसेल असं काही?

सातपुडा_पायथा

ताई, चोपड्याजवळ अडावदला उनपदेवचा गरम पाण्याचा झरा पाहिलाय का? सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत खोल भेगा आहेत, त्यातून पाणी खाली जाऊन तापून वर येतं. आणि यावल-रावेर भागात डोंगराच्या अगदी कुशीत बोअर मारली की गोटे आणि वाळू लागते, तीही खूप खोलपर्यंत. तो डोंगरातून आलेल्या नाल्यांनी पायथ्याशी टाकलेला भराव. त्याला बझाडा म्हणतात. पाऊस त्यात भराभर मुरतो, पण आपण उपसतो त्याहून वेगाने. आमच्या शिवारातल्या जुन्या विहिरी आता नुसत्या बघायला उरल्यात.

केळीबाग_रावेर

बोअरचं दुखणं आमचंही तेच, दादा. वाऱ्याचा मुद्दा मागे घेतो. पण मग तिकडे वाऱ्याचं काहीच काम नाही?

मूळची_शिरपूरची

आहे ना! कडेपासून थोडं खाली कोकोनिनो नावाचा फिकट पिवळसर वालुकाश्माचा थर आहे. साधारण २७-२८ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्यांचं वाळवंट होतं, ते दगड होऊन बसलंय. त्यात तिरक्या रेघा दिसतात, वारा वाळू कशी ढकलत होता त्याच्या. त्यावर प्राण्यांच्या पावलांचे ठसेही सापडलेत. म्हणजे वाळवंटाच्या पोटात आणखी जुनं वाळवंट.

मी फीनिक्सला असते, त्यामुळे जाणं होत असतं. सगळ्यात मजेशीर थर रेडवॉल. नावाप्रमाणे लालभडक, उभा कडा, जवळपास ३४ कोटी वर्षांचा चुनखडक. पायवाटेवर त्याचा फुटलेला तुकडा मिळाला तर आतून बघा, राखाडी निघतो! लाली फक्त वरची. वरच्या थरांतलं लोह पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून शतकानुशतकं त्यावर बसलंय. बोट लावलं की बोटाला गेरू लागतो.

अगदी तळाशी विष्णू शिस्ट नावाचा काळसर, चकाकणारा खडक. वय सुमारे १७५ कोटी वर्षं.

अमळनेर_एक्स्प्रेस

विष्णू??? आपला विष्णू?

मूळची_शिरपूरची

हो, आपलाच. 😊 दरीत मधोमध उभे असलेले सुळके आणि शिखरं आहेत, त्यांना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, बुद्धा टेंपल, मनू टेंपल अशी नावं आहेत. कृष्णा श्राइन आणि रामा श्राइनसुद्धा. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८२च्या आसपास ही प्रथा सुरू केली. त्याला ती शिखरं देवळांसारखी दिसली आणि पूर्वेकडच्या धर्मांचं वाचन होतं. त्याच रांगेत झोरोॲस्टर टेंपलही आहे.

अमळनेर_एक्स्प्रेस

म्हणजे आमच्या बाबांना तिकडे न्यायला हरकत नाही. तीर्थयात्रा म्हणून सांगतो, लगेच पिशवी भरतील.

नंदुरबारची_लेक

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं वेगळं लिहिते. डटनने दरीला देवांची नावं दिली, तेव्हा तिथे माणसं राहत होती आणि त्यांची त्यांची नावं होती. हवासुपाई लोक आजही दरीच्या आतल्या सुपाई गावात राहतात. तिथे मोटारीचा रस्ता नाही, टपाल अजून खेचरांवरून जातं. हिवाळ्यात ते वर पठारावर शिकारीला जायचे, उन्हाळ्यात खाली झऱ्यांच्या पाण्यावर मका, भोपळा पिकवायचे. १९१९ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि वरचं पठार त्यांच्या हातून गेलं. ब्राइट एंजल वाटेवर जी हिरवी बाग लागते, तिथे त्यांची शेती होती. त्या कुटुंबांना १९२०च्या दशकात तिथून हलवलं. १९७५च्या कायद्याने जवळपास १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली, आणि त्या बागेला त्यांचं नाव मिळालं २०२२मध्ये. आता तिला हवासुपाई गार्डन्स म्हणतात.

मी हे लिहिते कारण अक्कलकुवा, अक्राणीत वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्रातलं मणिबेली सगळ्यात आधी बुडालं. नर्मदेचा तो अरुंद, डोंगरांमधला पट्टा हीदेखील दरीच आहे, धागाकर्त्यांनी यादीत घेतली नाही म्हणून आठवण करून देते. त्या दरीतल्या डोंगरांना, ओढ्यांना, झाडांना पावरा-भिल्ल लोकांची नावं आहेत. नकाशात त्यातली किती आली?

पाटचारी

ताई, भावना समजते, पण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. तिकडे उद्यानासाठी लोक हलवले, इकडे धरणासाठी. धरणाचं पाणी कोणाच्या तरी शेतात जातं.

नंदुरबारची_लेक

पाटचारी काका, पाणी शेतात जातं हे मी नाकारत नाही. ज्याचं शेत बुडालं त्याच्या शेतात ते जात नाही, एवढंच म्हणते. आणि धरणं कोलोरॅडोवरही आहेत. दरीच्या वर ग्लेन कॅन्यन, खाली हूवर.

पाटचारी

बरोबर. त्यावरच लिहिणार होतो, कारण आयुष्य पाटबंधाऱ्यात गेलंय.

ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ला बंद झाले. त्याआधी कोलोरॅडो गाळाने लालसर, उन्हाळ्यात कोमट आणि पुराच्या दिवसांत बेफाम असायची. धरणाने गाळ वर अडवला. खाली सुटतं ते तळाचं स्वच्छ, गार पाणी. दिसायला सुंदर, पण दरीतले वाळूचे काठ त्या पाण्याने धुऊन जायला लागले, कारण नवी वाळू येतच नाही. हंपबॅक चब नावाचा तिथलाच मासा कोमट गढूळ पाण्याचा, त्याचे हाल झाले. शेवटी १९९६ला मुद्दाम मोठा विसर्ग सोडून तळाची वाळू उचलून काठावर बसवायचा प्रयोग केला. पुढेही असे विसर्ग सोडले. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात वाचतो आपण, ती पुराच्या भीतीने. तिथे दरी जपायला दरवाजे उघडतात.

वाटपाची गोष्ट याहून बोलकी. १९२२मध्ये सात राज्यांनी करार केला. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी), खालच्याला तेवढंच. पण ज्या वर्षांच्या नोंदींवर हिशेब मांडला ती वर्षं भरपूर पाण्याची होती. १९४४ला मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट देण्याचा तह झाला. कागदावर वाटलेलं पाणी नदीत येतच नाही. समुद्राला मिळण्याआधीच नदी बहुतेक वर्षी संपते.

पांझराकाठ, तुमच्याच साक्री-धुळ्याकडे फड पद्धत होती, म्हणजे शेतांचे गट (फड) करून सगळ्यांनी मिळून पाणी वाटायचं; काही ठिकाणी अजून आहे. पांझरेवर एकाखाली एक बंधारे. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी बसून ठरवायचं, पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच कमी धरायचं. आकडा कायमचा कोरून ठेवायचा नाही, नदीकडे बघून दरवर्षी ठरवायचं. हे आपल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं चालवलं. मला याचा मनापासून अभिमान आहे.

गिरणाई

काका, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे गिरणेच्या आवर्तनाची तारीख जवळ आली की घराघरात तोच विषय.

धुळे_वाचनालय

सगळे भूगोलात रमलेत, थोडा इतिहास घालतो.

१५४०मध्ये गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार होपी वाटाड्यांबरोबर कडेवर पोचला. वरून नदी त्यांना सहा फुटी ओहळ वाटली. तिघे खाली उतरायला निघाले आणि एक तृतीयांश उतरून परत आले. वरून माणसाएवढे दिसणारे दगड जवळ गेल्यावर सेव्हिलच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं. तिथे खोलीचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

नंतर तीनशेहून जास्त वर्षांनी जॉन वेस्ली पॉवेल. उजवा हात यादवी युद्धात शायलोच्या लढाईत गेलेला. २४ मे १८६९ला वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हरहून चार होड्या, दहा माणसं. पहिल्या काही आठवड्यांतच एक होडी फुटली, शिधा वाहून गेला. पुढे पीठ भिजून बुरसटलं, मांस खराब झालं, उरले ते वाळवलेले सफरचंद आणि कॉफी. एक जण आधीच सोडून गेला होता. शेवटी एका खडकाळ, खवळलेल्या प्रवाहापाशी तिघांनी होडीत बसायला नकार दिला आणि ते चालत वर गेले. दोन दिवसांनी, ३० ऑगस्टला, पॉवेलसह सहा जण सुखरूप बाहेर पडले. वर गेलेले तिघे मारले गेले. एका हाताने तो कडे चढून वायुभारमापकाने उंची मोजायचा. ही चिकाटी मला त्या दरीइतकीच मोठी वाटते.

केळीबाग_रावेर

बठ्ठं वाचीसन डोकं गरगरनं भो! 🙏 एक विचारू? ५०-६० लाख वर्षं म्हणता, मी कुठेतरी ७ कोटी वाचलंय. कोणतं धरायचं?

सातपुडा_पायथा

दोन्ही वाचायला मिळेल. २०१२ला काही शास्त्रज्ञांनी खडकातल्या खनिजांच्या थंड होण्याच्या इतिहासावरून पश्चिमेकडची दरी ७ कोटी वर्षांची असल्याचं मांडलं. २०१४ला दुसऱ्या गटाने दाखवलं की दरीचे तुकडे वेगवेगळ्या वयाचे आहेत, काही जुन्या दऱ्या आधीपासून होत्या, आणि कोलोरॅडोने ५०-६० लाख वर्षांपूर्वी त्या एकत्र जोडल्या. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण नदीच्या तोंडाशी पोचलेला तिचा गाळ त्याच काळापासून दिसायला लागतो.

आणखी एक. त्या दरीचा सगळ्यात वरचा कैबाब चुनखडक २७ कोटी वर्षांचा. आपला दख्खनचा काळा पाषाण ६.६ कोटींचा. म्हणजे सातपुडा-सातमाळ्यातला लाव्हा ओतला जात होता तेव्हा त्यांचे सगळे थर जुने झाले होते. अमळनेर एक्स्प्रेस, तुमच्या बाबांना सांगा, आपले डोंगर त्यांच्या विष्णूपेक्षा खूपच तरुण.

वाघूरपाणी

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळतच नाहीये, म्हणून मी.

माझं मत वाघूरला. अजिंठ्याला नदी घोड्याच्या नालेसारखं वळण घेते, ७६ मीटर उंच कातळ आणि त्यात ३० लेणी. वरच्या अंगाला ती एकामागून एक कुंडांत उड्या मारत येते. पाहणारे लेणी बघतात, पण ज्यांनी ती कोरली त्यांनी आधी ही घळ निवडली. वर्षावासात वाहतं पाणी, एकांत, आणि कोरायला सलग उभा खडक, सगळं एके ठिकाणी. समोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट गाठा, नदीने काय काम केलंय ते एका नजरेत कळतं. आणि जळगावकरांनो, आपल्या शहराचं पाणी वाघूर धरणातून येतं. तेच पाणी लेण्यांसमोरून वाहत आलेलं आहे.

अमळनेर_एक्स्प्रेस

पण अजिंठा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. खान्देशात कसा धरायचा?

वाघूरपाणी

नदी खान्देशात उतरते, मी नदी धरली. 😄

तापीकाठचा_पोऱ्या

मी तापीकाठच्या घळींबद्दल लिहितो, कारण आमचं वावर त्यांच्या तोंडाशी आहे. नदीपासून सुरू होऊन त्या शेताकडे वर सरकतात. ताज्या तुटलेल्या कडेत सगळं दिसतं: वर काळी माती, खाली पिवळट पोयटा, मध्ये चुनखडीच्या गाठी, मग वाळू-गोट्यांचा पट्टा. पोयट्याला हात लावला की पीठ सुटतं. एका जोराच्या पावसात बांधाचा कोपरा आत गेलेला मी पाहिलाय. पायथा दादांनी सांगितलेला ‘भरलेला गाळ’ तापी आता परत कापतेय. आकाराने कोलोरॅडोपुढे काहीच नाही, पण दरी कशी वाढते हे उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर आमच्याकडे या. वडिलांनी घळीच्या तोंडाला दगडी बांध घातलेत आणि निवडुंग, बाभळी लावल्यात. जिथे झाडं जगली तिथे घळ थांबली.

सातपुडा_पायथा

पोऱ्या, फार महत्त्वाचं लिहिलंस. घळीच्या वरच्या टोकाला पाणी पडतं तिथे आधी बंदोबस्त कर, तोंड नंतर. वरून येणारं पाणी चर खणून बाजूला वळव. डोकं थांबलं तर खालचे बांध टिकतात.

तापीकाठचा_पोऱ्या

करतो दादा. वरच्या बाजूला दुसऱ्याचं वावर आहे, त्यांच्याशी बोलावं लागेल.

पांझराकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. मला जे कळलं ते असं: पठार उचललं गेलं, नदीला बाहेरचं बर्फाचं पाणी मिळालं, आणि पाऊस कमी म्हणून कडे उभे राहिले. तापीकडे पाऊस आहे, पण उंची नाही, आणि पायाखाली कातळाऐवजी तिनेच आणून टाकलेला गाळ. तोरणमाळवर मात्र अजून कोणी लिहिलं नाही. सीताखाई कोणी उतरलंय का?

नंदुरबारची_लेक

खाली उतरायला स्थानिक माणूस बरोबर हवाच. कडे सरळ तुटलेले, पावसात निसरडे. वरून पाहायचं तर सप्टेंबरच्या शेवटी या. धबधबा चालू असतो आणि धुकं विरळ झालेलं असतं, जूनमध्ये खाईच दिसत नाही. उंची ११५० मीटरच्या आसपास, रात्री गार वाजतं. यशवंत तलावाशी मुक्काम करा, शहाद्याहून दिवस असताना घाट चढा.

अमळनेर_एक्स्प्रेस

आणि ग्रँड कॅन्यनला बाबांना न्यायचं तर कोणता महिना? ते सत्तरीचे आहेत, चालायची सवय चांगली.

मूळची_शिरपूरची

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. जून ते ऑगस्ट तळाशी पारा ४० अंशांच्या वर जातो, अगदी भुसावळचा मे महिना. वर मात्र गारवा असतो आणि माणूस त्यालाच फसतो: उतरताना बरं वाटतं, चढताना ऊन आणि चढ दोन्ही अंगावर येतात. त्यांना कडेकडेने चालणारी सपाट वाट दाखवा, ब्राइट एंजलवर थोडंसंच उतरवा. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा हट्ट कोणीही करू नये. पाण्याबरोबर खारे दाणे ठेवा, नुसतं पाणी पिऊन भागत नाही. सूर्य मावळतीला आला की विष्णू टेंपल उजळतं, तेव्हा त्यांना कडेवर घेऊन जा.